वजन हाही उपचारच
तोंड-घशाच्या कर्करोगातल्या आहाराविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना

तोंडाच्या, जिभेच्या, घशाच्या किंवा स्वरयंत्राच्या कर्करोगावरचे उपचार संपवून माणूस घरी येतो, तेव्हा भेटायला आलेल्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो ‘किती वाळलात हो!’ हाच. घरचेही मान डोलावतात. एवढा मोठा आजार, एवढे कडक उपचार, मग वजन उतरणारच, असं सगळ्यांनी आधीपासून धरून ठेवलेलं असतं. हे पुस्तक लिहिलं आहे ते या धरून चालण्याला हरकत घेण्यासाठी. वजनातली काही घट टळत नाही, हे खरं. पण बरीचशी टाळता येते आणि ती टाळणं हे किमोच्या सलाइनइतकंच उपचाराचं काम आहे.

डॉक्टर ज्यांना एकत्रितपणे ‘हेड अँड नेक’ कर्करोग म्हणतात, ते आपल्या देशात घरोघरी ठाऊक झालेले आजार आहेत. भारतीय पुरुषांमध्ये ओठ आणि तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. कारणही उघड आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते; महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होतं. गुटख्यावर राज्यात २०१२ सालीच बंदी आली, पण मिश्री, मावा, विदर्भातला खर्रा आणि चुन्यात मळलेली तंबाखू यांचं बस्तान हललेलं नाही. सुपारीने तोंड आतून आखडलेलं, दोन बोटंही आत जात नाहीत, गालात जखम, तिखट लावून घेता येत नाही, अशा अवस्थेत माणूस पहिल्यांदा दवाखान्यात येतो. म्हणजे निदान होण्याच्या आधीच कित्येक महिने त्याचं जेवण आटलेलं असतं. भाकरी सुटून पोळी आलेली असते, पोळी सुटून भात आलेला असतो. उपचारांच्या पहिल्या दिवशी काट्यावर दिसणारा आकडा हा बहुतेकदा आधीच उतरलेला आकडा असतो. म्हणून पहिल्या भेटीतच ‘सहा महिन्यांपूर्वी वजन किती होतं?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. कपडे किती सैल झाले, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं का, एवढं सांगितलं तरी अंदाज येतो.

त्यानंतर उपचार सुरू होतात. बऱ्याच रुग्णांची आधी शस्त्रक्रिया होते, मग रेडिएशन. काहींना रेडिएशन आणि किमो एकत्र. रुग्ण ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात ते रेडिएशन साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे चालतं. एकूण मात्रा ६० ते ७० ग्रे, ती ३० ते ३५ भागांत विभागलेली. सोबतचं औषध बहुधा सिस्प्लॅटिन. पहिला आठवडा बरा जातो आणि तोच फसवा असतो. ‘आम्हाला काही त्रास नाही,’ म्हणून घरचे निर्धास्त होतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडाची आतली त्वचा लाल होऊन सोलवटते. जीभ चव ओळखेनाशी होते. गोड कागदासारखं लागतं, पाणीसुद्धा कडवट वाटतं. लाळ आधी चिकट, तार धरणारी होते, मग आटत जाते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती नसेल तर मऊभाताचा घासही टाळूला चिकटून बसतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून गिळताना घशात काचा रुततात तसं दुखतं. शेक संपल्यावर लगेच हे थांबत नाही. शेवटच्या दिवसानंतरचे दोन आठवडे अनेकांना सर्वांत जड जातात. सिस्प्लॅटिनची मळमळ आणि बद्धकोष्ठता यांची भर वेगळीच.

इथपर्यंतचं कारण कुणालाही समजण्यासारखं आहे: खाता येत नाही, म्हणून वजन घटतं. पण एवढ्यावर थांबलो तर अर्धीच गोष्ट कळते. शरीराच्या आत, चयापचयाच्या पातळीवर दुसरी एक घडामोड चालू असते.

साध्या उपासमारीत शरीर फार हुशारीने वागतं. अन्न मिळेनासं झालं की ते खर्च आवरतं, चरबी वितळवून तिच्यापासून कीटोन नावाचं इंधन तयार करतं, मेंदूलाही त्याच इंधनाची सवय लावतं आणि स्नायू शक्य तितके राखून ठेवतं. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांवर अर्धपोटी राहण्याचा जो प्रयोग केला, त्यात सहा महिन्यांत त्या तरुणांचं वजन सुमारे पाव भागाने उतरलं. तरी त्यांचं शरीर काटकसर करत राहिलं, आणि पुरेसं अन्न सुरू झाल्यावर, हळूहळू का होईना, ते पुन्हा भरलं.

कर्करोगात आणि त्याच्या उपचारांत ही काटकसर मोडते. गाठ आणि तिच्याशी झुंजणाऱ्या पेशी मिळून रक्तात दाह पेटवणारी रसायनं सोडतात. त्यांतलं एक म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. १९८० च्या दशकात शरीर झिजवणाऱ्या पदार्थाचा शोध घेताना शास्त्रज्ञांनी त्यालाच ‘कॅकेक्टिन’ म्हटलं होतं. इंटरल्यूकिन-६ हे असंच दुसरं. ही रसायनं मेंदूतली भूक दाबतात, यकृताला दाहाची प्रथिनं बनवायला जुंपतात आणि त्या प्रथिनांसाठी लागणारा कच्चा माल स्नायू मोडून आणतात. इन्सुलिन असूनही त्याचं म्हणणं पेशी ऐकेनाशा होतात. अंगणात सरपण रचलेलं असताना घराचे वासे काढून चुलीत घालावेत, तसा हा कारभार असतो. चरबी शिल्लक असतानाही स्नायू जळतात. रेडिएशन आणि किमोमुळे तोंड-घशाच्या ऊतींना होणारी इजा या दाहात आणखी तेल ओतते.

गाठीची स्वतःचीही उधळपट्टी असते. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज पूर्ण न जाळता अर्धवट मोडतात आणि लॅक्टेट बाहेर टाकतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. ते लॅक्टेट यकृतात जातं आणि तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज बनवलं जातं. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या नावाने हे चक्र ओळखलं जातं. १९४७ च्या नोबेल पुरस्काराचे ते मानकरी. या फेऱ्याचा हिशेब मोठा तोट्याचा आहे. ग्लुकोजचा एक रेणू असा मोडून ऊर्जेची दोन एककं हाती येतात, आणि तोच रेणू पुन्हा घडवायला सहा खर्ची पडतात.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगण्याचं कारण घरात घडतं. ‘ते खातच नाहीत, मनावर घेत नाहीत,’ असं पत्नी म्हणते. ‘तुम्ही नीट करून घालत नाही,’ असं सासरचे तिला म्हणतात. रुग्ण मान खाली घालून बसतो. यातलं कुणीच दोषी नाही. भूक मारणारी रसायनं त्याच्या रक्तात आहेत, चव ओळखणाऱ्या पेशी शेकाने होरपळल्या आहेत आणि गिळणं म्हणजे यातना झाली आहे. इच्छाशक्तीवर बोट ठेवून हा प्रश्न सुटत नाही. वेदनेचं औषध जेवणाआधी अर्धा-पाऊण तास देऊन, आहार घट्ट करून आणि वेळेवर नळी घालून तो बराच सुटतो.

वजन घटण्याचे परिणाम फक्त अशक्तपणापुरते नसतात. रेडिएशन देताना मान हलू नये म्हणून प्रत्येक रुग्णाच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार प्लास्टिकचा मास्क बनवतात. सगळं नियोजन त्या मास्कमधल्या, त्या दिवशीच्या मानेवर बेतलेलं असतं. तीन-चार आठवड्यांत माणूस वाळला की मास्क सैल होतो, गाठ आणि लाळग्रंथी जागा बदलतात, आणि किरण ठरवलेल्या जागेपासून सरकण्याचा धोका निर्माण होतो. मग पुन्हा सीटी स्कॅन, नवा मास्क, नवं नियोजन करावं लागतं. अशक्तपणामुळे, जंतुसंसर्गामुळे किंवा पाणी कमी पडून मूत्रपिंडावर ताण आल्यामुळे मध्येच उपचार थांबले, तर नुकसान याहून मोठं. उपचार लांबला की उरलेल्या कर्करोगाच्या पेशी अधिक वेगाने वाढू लागतात, हे विदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडलं. तोंड-घशाच्या कर्करोगात रेडिएशन एका दिवसाने लांबलं की गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता सरासरी १.४ टक्क्यांनी घटते, असा अंदाज पुढे वारंवार दिला गेला आहे. म्हणजे एका आठवड्याची खोटी ही फार महागात पडणारी गोष्ट आहे. सिस्प्लॅटिनचंही तसंच. स्नायू कमी असलेल्या माणसाला तीच मात्रा जास्त बाधते, आणि औषध मध्येच सोडावं लागतं.

स्नायूंबद्दल आणखी एक. गिळणं हेही स्नायूंचंच काम आहे. ते वापरात राहिले नाहीत तर आखडतात, आणि उपचार संपल्यावरही घास श्वासनलिकेकडे जातो. म्हणून नळीतून पूर्ण आहार चालू असला तरी, डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर, दिवसातून काही वेळा घोटभर पाणी, चमचाभर दही गिळत राहायचं आणि शिकवलेले गिळण्याचे व जबडा उघडण्याचे व्यायाम सोडायचे नाहीत.

आता उपायांकडे वळू. आनंदाची बाब अशी की त्यांतले बरेचसे स्वयंपाकघरातले आहेत. पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात पाउला राव्हास्को आणि सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या कर्करोगाच्या ७५ रुग्णांवर केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. रेडिएशनच्या काळात एका गटाला आहारतज्ज्ञाने प्रत्येकाच्या सवयीनुसार, नेहमीच्याच अन्नातून आहार आखून दिला. दुसऱ्या गटाला नेहमीच्या जेवणासोबत प्रथिनांची तयार पेयं दिली. तिसरा गट आपल्या मनाने खात राहिला. पहिल्या दोन्ही गटांचा आहार उपचारांच्या काळात सुधारला, पण तीन महिन्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती ती फक्त पहिल्या गटात. महागड्या डब्यांवर पैसे घालण्याआधी ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाला माहीत हवी.

किती खायचं याचा अंदाज साधा आहे. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला म्हणजे १८०० कॅलरी आणि ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं. आता आपल्याकडे आजारी माणसाला काय देतात ते पाहा. तांदळाची पातळ पेज, शहाळ्याचं पाणी, मोसंबीचा रस, वरणाचं वरचं पाणी. प्रेमापोटीच देतात. पण पेलाभर पातळ पेजेत जेमतेम ६०-७० कॅलरी आणि एक-दीड ग्रॅम प्रथिनं असतात. तिच्यावर १८०० गाठायच्या तर पंचवीसहून अधिक पेले लागतील. घसा सोललेल्या माणसासाठी प्रत्येक घोट ही एक परीक्षा असते. त्या घोटात पाणीच भरलेलं असेल तर त्याचे कष्ट वाया जातात. तोच पेला दुसऱ्या रीतीने भरता येतो: म्हशीचं सायीसकट दूध, त्यात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व, दोन मोठे चमचे दूध पावडर, थोडा गूळ, वरून चमचाभर तूप. त्याच पेल्यात चारशेच्या आसपास कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बसतात. खिचडी गाळून घ्यायची तर डाळ तांदळाहून जास्त, आणि तूप हात आखडता न घेता. मऊ उकडलेलं अंडं, पनीर, दही, मिक्सरमध्ये बारीक केलेलं चिकन किंवा मासळी, ज्याच्या घरात जे चालतं ते. तिखट, आंबट, कडक आणि कढत तेवढं टाळायचं. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून पुष्कळदा चूळ भरायची. तोंड स्वच्छ राहिलं तरच पुढचा घास आत जातो.

हे करूनही पुरत नाही अशी वेळ अनेकांवर येते. तेव्हा नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब किंवा थेट पोटातून जठरात बसवलेली पेग नळी सुचवली जाते, आणि घरात शोककळा पसरते. ‘नळी लागली’ म्हणजे आता शेवट आला, असं समजतात. प्रत्यक्षात उपचार पार पाडण्यासाठी घातलेली ही काही आठवड्यांची वाट आहे. खाणं जमू लागलं की ती काढतात. पण उशीर झाला तर तिचा उपयोग निम्मा होतो. महिन्याभरात वजन ५ टक्क्यांनी घटलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोने, तर ती गंभीर खूण समजायची आणि डॉक्टरांकडे आपण होऊन नळीचा विषय काढायचा. रुग्णाला बसवून किंवा पाठ-डोकं उंच करून, नळीवरची खूण जागेवर आहे ना ते बघून, गाळलेला कोमट आहार २०० ते २५० मिलीलिटर, दर दोन-तीन तासांनी, सिरिंजमधून आपल्या वजनाने हळूहळू उतरू द्यायचा. दट्ट्या दाबून ढकलायचा नाही. शेवटी पाणी सोडून नळी धुवायची आणि पुढचा अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही. घरातलं कुणीही हे दोन दिवसांत शिकतं. एक सावधगिरी मात्र पाळायलाच हवी. आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम पूर्ण आहार सुरू केला, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरून हृदयाला धोका पोचू शकतो. अशा वेळी सुरुवात थोड्याने, रक्त तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची.

काही समजुतींचा या पुस्तकात स्वतंत्र विचार केला आहे, कारण त्या वजन खातात. ‘साखर खाल्ली की गाठ वाढते’ ही त्यांतली सर्वांत पसरलेली. गाठ ग्लुकोज वापरते, पण आपण साखर बंद केली तरी शरीर स्नायू मोडून ग्लुकोज बनवतंच. उपाशी राहून गाठ उपाशी मरत नाही. मळमळीसाठी दिलेल्या डेक्सामेथासोनमुळे रक्तातली साखर वाढली, तर औषध जुळवून घ्यायचं. ताट रिकामं करायचं नाही. मधुमेह असेल तर गूळ वगळता येतो, दूध, डाळ, अंडं आणि तूप राहतंच. दुधाने कफ होतो म्हणून दूध तोडणं, डाळ जड म्हणून बंद करणं, नवस म्हणून चतुर्थी-एकादशी धरणं, हे सगळं याच सात आठवड्यांत सर्वाधिक नडतं. उपास सोडायला मन तयार नसेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणी तो धरावा. देवाची त्याला ना नसते.

शेक संपला म्हणजे काम संपलं, असं नाही. चव परतायला काही महिने लागतात, लाळ कित्येकांची पूर्ण परतत नाही. मानेला रेडिएशन मिळालेल्या बऱ्याच जणांची थायरॉइड ग्रंथी पुढे मंदावते. मग थकवा येतो, थंडी वाजते, अंग सुजतं, आणि ‘आजारपणच आहे’ म्हणून दुर्लक्ष होतं. दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएचची साधी रक्ततपासणी केली तर ते कळतं आणि रोजच्या एका गोळीने सावरतं. गेलेला स्नायू केवळ खाऊन परत येत नाही. चालणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, हलकी वजनं उचलणं यांची जोड लागते.

हे पुस्तक रुग्णाइतकंच त्याची काळजी घेणाऱ्या माणसासाठी आहे. १९४१ पासून परळमध्ये उभ्या असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जळगावहून, नांदेडहून, यवतमाळहून कुटुंबं येतात. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, कुणी परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या इमारतीत, कुणी नातलगांकडे राहून सात आठवडे काढतं. आपलं स्वयंपाकघर मागे राहिलेलं असतं, हाताशी एखादी शेगडी आणि मिक्सर. त्या मिक्सरमध्ये काय आणि किती घालायचं, हे नेमकं सांगणारी पानं आधी ठेवली आहेत. शास्त्राची चर्चा नंतर. ज्यांना घाई आहे त्यांनी पाककृती आणि आठवड्यांचं वेळापत्रक एवढंच आधी वाचावं. आपल्या डॉक्टरांचा आणि आहारतज्ज्ञाचा सल्ला या पानांहून वरचा, हे मनात ठेवून वाचावं.

रुग्णालयांकडेही एक मागणी आहे. रेडिएशन देणाऱ्या प्रत्येक केंद्रात, ते जिल्ह्याच्या ठिकाणी का असेना, दर आठवड्याला वजन करून ते केसपेपरवर लिहिणं सक्तीचं व्हावं, आणि पहिल्या शेकाच्या आधी आहारतज्ज्ञाची भेट झालेली असावी. यासाठी कोट्यवधींची यंत्रं लागत नाहीत. एक काटा, एक प्रशिक्षित माणूस आणि पंधरा मिनिटं लागतात. तोवर हे काम घरच्यांनी आपल्याकडे घ्यावं: दर सोमवारी, सकाळी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन करावं, वहीत लिहावं, आणि ती वही प्रत्येक भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावी. सलग दोन सोमवारी आकडा उतरला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.